परदेशात मिळवलेलं पायलट लायसन्स भारतात आणताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. विमानाशी माझा संबंध एवढाच, की माझी थोरली अमेरिकेत जाऊन कमर्शियल पायलट झाली आणि ते लायसन्स भारतात चालावं म्हणून जी फाईल तयार झाली ती मी सांभाळली. ९ जून २०२५ला होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून ओळखीचे लोक पोरांना घेऊन येतात. चहा यायच्या आत प्रश्न येतो, "मालक, तिकडचं लायसन्स इकडं चालतं का?"

लायसन्स चालत नाही. तास चालतात. तिकडे उडवलेला प्रत्येक तास इथे मोजला जाऊ शकतो, पण तो इथल्या कारकुनाला वाचता येईल असा लिहिलेला पाहिजे. हे काम परत आल्यावर सुरू करणाऱ्यांचं वर्ष वाया जातं. बॅगा भरायच्या आधी सुरू करणाऱ्यांचं काही महिन्यांत उरकतं.

आधी पाटी बघा

सोलापूर आरटीओचं लायसन्स असलं की एमएच १३ची गाडी चालवा नाहीतर केरळची, कोणी अडवत नाही. विमानाचं तसं नाही. गोव्याचं एटीआर उभं असतं तेव्हा त्याच्या अंगावर 'व्हीटी'ने सुरू होणारी अक्षरं दिसतात, ती भारताची नोंदणी. अमेरिकेच्या विमानावर 'एन' असतो. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्याच देशाने वैमानिकाला लायसन्स दिलेलं किंवा मान्य केलेलं असलं पाहिजे, असं १९४४च्या शिकागो कराराचं कलम ३२ सांगतं. आकाश कोणाचं आहे याला इथे महत्त्व नाही. व्हीटी विमान गोव्यावरून जावो की दुबईवरून, लायसन्स भारताचं लागतं.

त्याच कराराचं कलम ३३ आपल्या उपयोगाचं. किमान दर्जा पाळून दिलेली लायसन्सं देशांनी एकमेकांची वैध मानावीत, असं ते म्हणतं. हा किमान दर्जा आयकाओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, परिशिष्ट १ मध्ये आहे. इथेच लोकांची गल्लत होते. 'आयकाओचं लायसन्स आहे, जगात कुठेही चालतं' असं एजंट सांगतात, पण आयकाओ कोणालाही लायसन्स देत नाही. ती फक्त खालची रेघ आखते. त्या रेघेच्या वर किती मागायचं हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो.

देशाकडे दोन वाटा असतात. एक, परदेशी लायसन्सलाच काही काळापुरती मान्यता देणं, म्हणजे व्हॅलिडेशन. विमान कंपन्या बाहेरून अनुभवी वैमानिक आणतात तेव्हा भारतात असा तात्पुरता परवाना मिळतो. दुसरी वाट कन्व्हर्जनची, म्हणजे परदेशातलं शिक्षण आणि तास धरून आपल्या देशाचं नवं लायसन्स देणं. बाहेर शिकून इथे नोकरी शोधणाऱ्या भारतीय मुलाची वाट ही दुसरी.

निघण्याआधी: मेडिकल, कॉम्प्युटर नंबर आणि नाव

पहिलं काम मेडिकल. अमेरिकेचं मेडिकल सर्टिफिकेट भारतीय लायसन्ससाठी चालत नाही, डीजीसीएचं, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, क्लास १च लागतं. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास २ होतं, फाईल नंबर मिळतो, मग क्लास १ची तारीख घ्यायची. त्यासाठी डीजीसीएने ठरवलेल्या केंद्रांत जावं लागतं, हवाई दलाची बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचं केंद्र त्यांतली. सोलापूरकरांची एक सोय आहे: कर्नाटक एक्स्प्रेस दोन्हीकडे नेते.

हे आधी का करायचं? डोळ्यांत रंगांचा दोष निघाला किंवा कानाचं काही निघालं, तर ते लाखो रुपये भरायच्या आधी कळलेलं बरं. कॉलेजची फी भरून झाल्यावर मेडिकलला निघालेला एक मुलगा मला माहीत आहे, पुढचं लिहीत नाही. चाळिशीच्या आतल्यांचं क्लास १ १२ महिने चालतं. मुलगी तिकडे असतानाच तिचं संपणार होतं, म्हणून परतायची तारीख आणि नव्या मेडिकलची तारीख आम्ही एकाच कॅलेंडरवर मांडली.

दुसरं, डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवरचा कॉम्प्युटर नंबर. त्याशिवाय एकही पेपर देता येत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावं लागतं. नसेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून तेवढे दोन विषय करतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत याची बोर्डाकडून पडताळणी लागते. आपला जिल्हा पुणे विभागीय मंडळाखाली येतो, त्यामुळे सकाळच्या हुतात्माने जाऊन अर्ज देऊन संध्याकाळच्या हुतात्माने परत, असा एक दिवस धरून चला.

तिसरं काम किरकोळ वाटतं, पण आमच्या पद्मशाली घरांत सगळ्यात जास्त माणसं त्यावरच अडकतात. नाव. आमची तेलुगू आडनावं इंग्रजीत प्रत्येकाने आपल्या कानाप्रमाणे लिहिलेली. एक 'एल' की दोन, शेवटी 'यू' की 'ओ', याचा पत्ता नाही. त्यात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेलं सगळं दुसऱ्या रकान्यात. अमेरिकन लायसन्सवर पासपोर्टप्रमाणे येतं. माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेवर आडनावात एक 'ए' जास्त होता. ते एक अक्षर नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर भागलं. फरक मोठा असेल, वडिलांचं नावच एकीकडे नसेल, तर राज्याच्या राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या आणि पासपोर्ट दुरुस्त करूनच व्हिसाला जा. तिकडचं लायसन्स चुकीच्या नावाने छापलं गेलं की पुढची प्रत्येक पडताळणी त्याच चुकीच्या नावाने येते.

तिकडे असताना: वही

आता लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या तासांची वही. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी हिशेबाचा माणूस आणि मला यातच सगळ्यात जास्त दिसलं.

भारताच्या कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास लागतात. त्यांत १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना उडवलेले, आणि त्यातले १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. कमांडचेच २० तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, त्यात एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. १० तास इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडवण्याचे, सिम्युलेटरवरचे त्यात ५पेक्षा जास्त नकोत. ५ तास रात्रीचे, त्यात कमांडमधले १० टेकऑफ आणि १० लँडिंग. इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवं असेल, आणि नोकरीसाठी हवंच, तर ४० तास इन्स्ट्रुमेंट, सिम्युलेटर त्यात जास्तीत जास्त २०, आणि कमांडचे ५० तास क्रॉस-कंट्री.

अमेरिकेत हेच आकडे थोडे वेगळे बसतात. तिथे दोन प्रकारच्या शाळा आहेत. तिथल्या नियमांच्या पार्ट ६१खाली कमर्शियलला २५० तास लागतात, पार्ट १४१च्या मंजूर अभ्यासक्रमात १९०. म्हणजे पार्ट १४१मधून १९० तासांवर लायसन्स घेऊन आलेला मुलगा भारताच्या हिशेबात दहा तासांनी कमी पडतो. लायसन्स हातात, तरी अर्ज करता येत नाही.

दुसरा सापळा कमांडच्या तासांचा. अमेरिकेचा नियम सांगतो, की ज्या विमानाचं रेटिंग तुमच्याकडे आहे ते तुम्ही एकट्याने हाताळत असाल, तर शेजारी प्रशिक्षक बसलेला असला तरी तो वेळ तुम्ही कमांडमध्ये लिहू शकता. त्यामुळे एकच तास 'ड्युअल'च्या, म्हणजे प्रशिक्षकासोबतच्या, रकान्यातही येतो आणि 'कमांड'च्याही. तसंच एक मुलगा बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावून उडवतो, दुसरा बाहेर लक्ष ठेवायला सेफ्टी पायलट म्हणून शेजारी बसतो, आणि दोघंही तो तास कमांड म्हणून लिहितात. तिकडे कायदेशीर. इथे मात्र एका तासाचे दोन धनी दिसले की शंका निघते. मी मुलीला फोनवर सांगितलं, "जो तास दोन रकान्यांत गेलाय तो १०० मध्ये धरूच नकोस. एकटीने उडवलेले १०० वेगळे कर." तिला ते जास्त वाटलं होतं. फाईलला प्रश्न आला नाही, तेव्हा पटलं.

तिसरी गोष्ट मला एका रविवारी दुपारी दिसली. तिने लॉगबुकची पानं स्कॅन करून पाठवली होती. एका ओळीत 'सेसना १७२' आणि पुढे १.३. मी ते एक तास तीस मिनिटं वाचलं. चूक. अमेरिकेत तास दशांशात लिहितात, विमानातला हॉब्स मीटर तसाच आकडा दाखवतो. ०.१ म्हणजे सहा मिनिटं. १.३ म्हणजे एक तास अठरा मिनिटं. आपल्याकडे तास आणि मिनिटं लिहितात. इथल्या फॉर्मवर भरताना कोणी १.३चं १:३० केलं, तर एका ओळीत बारा मिनिटं खोटी वाढतात. अशा दीडशे ओळी असतात. पानाच्या तळाशी १४.६ होतं, मी त्याच्या शेजारी पेन्सिलने १४:३६ लिहिलं आणि मग सगळ्या पानांना तेच करत बसलो. कारखान्यात डझनाचा हिशेब नगात करतो, तसलंच काम. शेवटच्या पानावर आमची बेरीज आणि शाळेची बेरीज यात ०.४चा फरक निघाला. सातव्या पानावर पुढे नेलेला आकडा शाळेनेच चुकवला होता.

चूक दुरुस्त करताना व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारा, वर बरोबर आकडा, शेजारी प्रशिक्षकाची सही आणि तारीख. सिम्युलेटरचे तास वेगळ्या रकान्यात ठेवा, २०० मध्ये मिसळू देऊ नका. ३०० मैलांच्या उड्डाणाच्या ओळीत दोन्ही विमानतळांपुढे 'फुल स्टॉप' असं लिहून घ्या. तिकडे चाकं टेकवून लगेच उठलं तरी लँडिंग धरतात, आपल्या नियमाला थांबणं दिसायला पाहिजे. आणि २००वर थांबू नका. छाननीत दोन-चार तास गळाले तरी आकडा खाली जाऊ नये इतके जास्त उडवा. तिकडचे चार तास स्वस्त पडतात, इथे येऊन त्याच चार तासांसाठी रांग लावावी लागते.

निघायच्या आधीचा आठवडा

परत आल्यावर ईमेलने मागवू, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. आमच्या ओळखीच्या एका मुलाची शाळा तो परतल्यावर बंद पडली. त्याच्या प्रशिक्षकाची एक सही मिळवायला सात महिने लागले.

शाळेच्या लेटरहेडवर तासांची फोड केलेलं पत्र घ्या: एकूण, ड्युअल, कमांड, क्रॉस-कंट्री, रात्र, इन्स्ट्रुमेंट, सिम्युलेटर, विमानाच्या प्रकारानुसार. मुख्य प्रशिक्षकाची सही प्रत्येक पानावर. चाचण्यांचे अहवाल, प्रशिक्षकांच्या लायसन्सच्या प्रती.

अमेरिकेत चाचणी पास झाल्याबरोबर कागदाचं तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं, ते १२० दिवस चालतं. कायमचं प्लास्टिक कार्ड पोस्टाने येतं. ते सोलापूरच्या पत्त्यावर येईल म्हणून वाट बघण्यापेक्षा तिकडच्या खात्रीच्या पत्त्यावर मागवा.

शेवटचं, लायसन्सची पडताळणी. लायसन्स देणाऱ्या प्राधिकरणाने ते खरं असल्याचं डीजीसीएला थेट कळवावं लागतं. तुम्ही आणून दिलेलं पत्र पुरत नाही. अमेरिकेत हे काम ओक्लाहोमा सिटीतली एअरमेन सर्टिफिकेशन ब्रँच करते, कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडा. विनंती निघायच्या आधी टाका आणि तिची पोच फाईलला लावा.

इथे आल्यावर

सगळे पेपर पुन्हा द्यावे लागत नाहीत. कन्व्हर्जनसाठी एअर रेग्युलेशनचा एक पेपर, आणि नेव्हिगेशन व मीटिऑरॉलॉजी मिळून एक कंपोझिट पेपर. पास व्हायला ७० टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिकडे शिकलेली मुलं हे पेपर हलके घेतात आणि हवामानात आपटतात. कारण हवामान तिकडचं शिकलेले असतात. इथे नैर्ऋत्य मोसमी वारे, उत्तरेतले पश्चिमी विक्षोभ, बंगालचा कालबैसाखी यांवर प्रश्न येतात. दाब तिकडे इंचांत, २९.९२, इथे हेक्टोपास्कलमध्ये, १०१३. दृश्यमानता तिकडे मैलांत, इथे मीटरमध्ये. तिकडे ट्रान्झिशन आल्टिट्यूड, म्हणजे उंचीमापक ठरावीक प्रमाण दाबावर लावायची उंची, सगळीकडे १८,००० फूट, इथे विमानतळागणिक वेगळा. निघायच्या महिनाभर आधीपासून भारतीय पुस्तकं वाचायला घेतली, तर हे सगळं डोक्यात बसतं.

रेडिओची परीक्षा, आरटीआर, पूर्वी दूरसंचार विभागाकडे होती. १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएकडे आणली आहे. जुन्या नोट्समधली अर्जाची पद्धत त्यामुळे बाद. बोलण्याची सवय मात्र मोडावी लागते. अमेरिकेत फ्रिक्वेन्सी सांगताना 'पॉइंट' म्हणतात, परीक्षेला 'डेसिमल'. माझी मुलगी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता "वन वन एट डेसिमल वन" म्हणत फिरायची, आणि तिची आजी तेलुगूत विचारायची, हे कसलं स्तोत्र.

इंग्रजीची चाचणीही असते, किमान लेव्हल ४ लागते. ती तीन वर्षं चालते, लेव्हल ५ सहा वर्षं, ६ मिळाली की पुन्हा द्यावी लागत नाही. सोलापूरच्या मराठी शाळेत शिकलेल्यांनी याला घाबरायचं कारण नाही. उच्चार गावचा असला तरी चालतो, समजलं पाहिजे एवढंच.

मग उड्डाणाच्या चाचण्या. दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची २५० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, रात्रीची १२० मैलांची, शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी. या अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतल्या लागतात. परदेशात दिलेल्या चाचण्यांना तेवढे दिवस उलटून गेले, की भारतातल्या मान्य फ्लाइंग स्कूलमध्ये त्या द्याव्या लागतात. सोलापूरच्या जवळपासची एक जागा बारामती. मुलं आधी चाचण्या उरकतात आणि मग पेपरांची वाट बघत बसतात. पेपर दोनदा हुकले की चाचण्या शिळ्या होतात आणि ते पैसे पाण्यात. म्हणून क्रम उलटा ठेवा: पेपर, आरटीआर, चालू मेडिकल, परदेशी पडताळणी डीजीसीएत पोचल्याची खात्री, आणि सगळ्यात शेवटी चाचण्या.

अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर होतो. एजंट यासाठी पैसे मागतात. मी दिले नाहीत, कारण अर्जातली माहिती आपल्यालाच माहीत असते, त्याला नाही. फाईलला शंका निघाली तर पोर्टलवरच दिसते. उत्तर देताना नवी गोष्ट सांगत बसू नये, विचारलेला कागद तेवढा जोडावा. अर्ज टाकायच्या दिवशी डीजीसीएच्या संकेतस्थळावर कन्व्हर्जनचं चालू परिपत्रक एकदा वाचा, मित्राने दोन वर्षांपूर्वी केलं तसं करू नका. २०२३मध्ये कमर्शियल लायसन्सची मुदत पाचची दहा वर्षं झाली, आणि फेब्रुवारी २०२५पासून लायसन्स इलेक्ट्रॉनिक रूपातही मिळतं. नियम इतक्या वेगाने बदलत आहेत.

उलट वाट

काहींना भारतीय लायसन्स घेऊन बाहेर जायचं असतं. अमेरिकेत भारतीय लायसन्सच्या आधारावर खासगी पायलटचं सर्टिफिकेट मिळतं, मोबदला घेऊन उडवता येत नाही. त्यासाठी आधी पडताळणीचा अर्ज करावा लागतो, पडताळणीचं पत्र सहा महिने चालतं, आणि ते सर्टिफिकेट मूळ भारतीय लायसन्स सोबत असेल तोवरच वैध. कमर्शियल हवं तर तिथली लेखी, तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा द्यावीच लागते. युरोप सगळ्यात कडक: आपल्याकडे पास झालेलं कितीही असो, १३ विषयांच्या परीक्षा आणि त्यांचं मेडिकल. ब्रिटन २०२१पासून युरोपच्या त्या व्यवस्थेतून बाहेर आहे, त्यामुळे तिथलं लायसन्स आता युरोपचं धरू नका. शेजारी देशांनी आपसांत करार केले आहेत तिथे काम हलकं होतं, जसं अमेरिका-कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड. देश निवडताना हे कामाला येतं. कॅनडात शिकलेल्याला अमेरिकेचं दार अर्धं उघडं असतं.

मुलीने मागच्या महिन्यात जुन्या शाळेच्या गावी जाऊन हौसेने उडवायचं ठरवलं, तर तिचं अमेरिकन सर्टिफिकेट अजून वैध निघालं. तिथे ते संपत नाही, २४ महिन्यांत एकदा प्रशिक्षकासोबत फ्लाइट रिव्ह्यू द्यावा लागतो. तो झाला की ती पुन्हा लॉगबुक पाठवेल, त्यात १.३ असं काहीतरी असेल, आणि मी पेन्सिल शोधेन.